कोरे दिवस

सायली मगदूमच्या आजाराला मराठीत धड नाव नाही. थकव्याचा आजार म्हणावं, तर ऐकणारा लगेच म्हणतो, "मलाही हल्ली फार थकवा येतो हो," आणि विषय त्याच्या गुडघ्यांवर जातो. सायली सांगलीच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवायची. साध्या तापाचं निमित्त झालं. ताप गेला आणि ही मात्र अंथरुणातच राहिली. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. हिच्या घरी आलेला हत्ती उंबऱ्यावरच बसला.

डोकं धुतलं की दुसरा दिवस अंथरुणात. कोणाच्या लग्नाला घटकाभर जाऊन आलं की पुढचे कितीतरी दिवस पडदे ओढून, कानांत कापूस घालून पडून राहायचं. भांड्याचा आवाज डोक्यात घुसायचा, अंगावरची चादर टोचायची. आणि लग्नात जे भेटलेले असत ते म्हणत, "छान तर दिसत होती!" दिसणारच. त्या दिसण्यासाठी ती आधीचे दोन दिवस हलली नव्हती आणि नंतरच्या दिवसांत तिला पाहायला कोणी येत नव्हतं.

डॉक्टर झाले. एकानं जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, एकानं रोज सकाळी फिरायला जा म्हणून सांगितलं. ते ऐकून ती आठ दिवस फिरली आणि दोन महिने झोपली. तिसऱ्यानं धनंजयला बाजूला घेऊन हळू आवाजात सल्ला दिला, "मिसेसचं मन रमवा जरा."

धनंजय तिचा नवरा. महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात इंजिनिअर. हा माणूस मात्र तिच्या बाजूनं उभा राहिला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याची बहीण पद्मजा एकदा पंगतीत म्हणाली, "कामं नकोत म्हणून सोंगं असतात एकेकाची." तेव्हा तो भरल्या ताटावरून उठला होता. रोज ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी तो आत येऊन विचारायचा, "आज कसं आहे?" ती म्हणाली "बरं नाही", की ते खरं. त्याला दुसरा पुरावा लागत नसे. त्या एका प्रश्नाच्या आधारावर सायली दिवस काढत होती.

मग मिरजेच्या एका संशोधन केंद्रात डॉ. वृंदा अथणीकर भेटल्या. त्यांनी सायलीचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही घड्याळाकडे न पाहता. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलत नाही आहात. तुमचा आजार मोजायचं यंत्र अजून कोणी बनवलेलं नाही, एवढंच. ते मी बनवतेय."

सायली मिरजेपासून सांगलीपर्यंत रिक्षात रडत आली. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, "ताई, वाईट बातमी आहे का?"

यंत्र म्हणजे मनगटाला बांधायची एक पट्टी. तिचं तत्त्व सायलीला चटकन समजलं. डोळ्यांना न दिसणारा तांबड्यापलीकडचा प्रकाश कातडीतून आत स्नायूपर्यंत जातो. प्राणवायू घेऊन आलेलं रक्त तो प्रकाश एका प्रकारे शोषतं आणि प्राणवायू देऊन रिकामं झालेलं रक्त दुसऱ्या. पट्टी मधूनमधून मनगट आवळते, रक्त क्षणभर अडवते, सोडते, आणि स्नायू पुन्हा किती वेगानं भरतो ते पाहते. घामातल्या आम्लाचीही नोंद घेते. यावरून पेशींच्या आतली वीजघरं कशी चालली आहेत ते कळतं. निरोगी माणसाची वीजघरं श्रमानंतर लगेच सावरतात. या आजारात ती आज काम करतात आणि त्याची किंमत उद्या-परवा वसूल करतात. सायलीनं ते सासूबाईंना असं समजावलं होतं: "आई, आपला जुना इन्व्हर्टर आठवतो? बॅटरी फुल दाखवायचा. पंखा चालायचा. मिक्सर लावला की सगळं घर अंधारात."

"मग तसं सांग की सगळ्यांना," सासूबाई म्हणाल्या. "माणसाला इन्व्हर्टर लगेच कळतो."

पट्टीतून निघालेलं उत्तर मोबाईलवर रंगात दिसायचं. हिरवं म्हणजे शक्ती आहे, पिवळं म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे थांबा. अथणीकर मॅडमनी सांगली, कोल्हापूर, बेळगावकडचे पुष्कळ रुग्ण गोळा केले आणि सगळ्यांच्या मनगटांवर पट्ट्या चढल्या. सायली रुग्णांची प्रतिनिधी झाली. कोणी कंटाळला की ती पडल्यापडल्या फोनवर त्याला धीर द्यायची. "अहो, आपला आजार पहिल्यांदाच कोणीतरी मोजतंय. थोडी कळ काढा."

केंद्राची माणसं ठरलेल्या दिवशी मोजमापांसाठी घरी यायची. आता घरी कोणी येणार म्हटल्यावर आपल्याकडे अंथरुणात कोण राहतं? सायली आधी दोन दिवस अंग चोरून पडायची आणि त्या दिवशी वेणी घालून, धुतलेला ड्रेस घालून खुर्चीत बसायची. पोहे करून ठेवायची. "ताई, तुम्ही कशाला केलंत?" असं म्हणत ती माणसं पोहे खायची आणि तिची हिरवी पट्टी टिपून घ्यायची. ती गेली की ही कोसळायची. अभ्यासातले सगळेच रुग्ण असं करत होते. आजारी माणसानं आजारी न दिसण्याची एवढी हौस दुसऱ्या कुठल्या मुलखात असेल असं वाटत नाही.

कोसळल्यावर ती पट्टी सहन व्हायची नाही. एरवी हलकंसं वाटणारं ते आवळणं हाडात खिळा ठोकल्यासारखं लागायचं. तिनं मॅडमना भीतभीत सांगितलं. मॅडम लगेच म्हणाल्या, "मग काढून ठेवा ना! पट्टी तुमच्यासाठी आहे, तुम्ही पट्टीसाठी नाही. सगळ्यांनाच सांगा तसं."

सायलीनं सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी मॅडमना दुवा दिला.

अभ्यास गाजला. पट्टीला सरकारी मान्यता मिळाली. आजाराचा दाखला, कामातली सवलत, विम्याचं संरक्षण, सगळं पट्टीच्या रंगावर ठरणार होतं. मॅडमचा सत्कार झाला तेव्हा व्यासपीठावर सायलीही होती, सोफ्यावर उशा लावून. घरी पेढे वाटले. आता कोणी सोंग म्हणणार नाही याचा तिला मनापासून आनंद झाला होता.

पट्टीचं चित्र धनंजयच्याही मोबाईलवर आलं. पहिले काही दिवस तो आत येऊन आधी विचारायचा आणि मग मोबाईल पाहायचा. मग आधी मोबाईल पाहून विचारायला लागला. मग विचारणं सुटलं. त्यात दुष्टपणा काही नव्हता. दिवसभर पंपांच्या मीटरवर डोळे लावून बसणारा माणूस तो. काटा दिसत असताना पाइपाला कान लावायची सवय त्याला कुठून असणार? पण इतकी वर्षं घरात तिचा शब्द चालत होता. पट्टी कानामागून आली आणि तिखट झाली.

पद्मजानं जयसिंगपुरात घर बांधलं होतं. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी धनंजय दारात उभा राहून म्हणाला, "उद्या यायचंय तुला."

"मला नाही जमायचं रे," सायली म्हणाली. "आतून कळतंय. गेले तर फार महागात पडेल."

त्यानं मोबाईल काढला. "हिरवी आहे सायली. अर्ध्याच्या वर आहे."

"पडून आहे म्हणून हिरवी आहे."

"म्हणजे शिल्लक आहे ना? थोडी खर्च कर माझ्या बहिणीसाठी. ती कशी बोलते मला माहीत आहे. पण आता सरकारमान्य पट्टी हिरवी दाखवतेय आणि तू येत नाहीस, म्हटल्यावर मी काय तोंड दाखवू तिला?"

सायलीला आधी राग आला आणि मागोमाग भीती वाटली. या घरात तिचं "नाही" पहिल्यांदाच अपुरं पडलं होतं. ती गेली. पद्मजानं मोठ्या प्रेमानं ओटी भरली, सगळ्यांशी ओळख करून दिली, आणि जेवताना म्हणाली, "बघ, आलीस की नाही? मनावर घेतलं की होतं."

परत आल्यावर ती जशी कोसळली तशी आजवर कधी कोसळली नव्हती. पाणी प्यायला मान उचलवेना. पट्टी तिनं दातांनी ओढून काढली आणि सासूबाईंकडून टेबलाच्या खणात टाकवली.

कितव्यातरी दुपारी धनंजय आत आला. हातात आमटी-भाताचं ताट होतं. "चल, उठून बस जरा. पडून पडूनच जास्त अशक्तपणा येत असेल. हिरवी आहे तू आज."

तिनं डोळे उघडले. बोलायला वेळ लागला. "कोण हिरवी आहे?"

"तू. हे बघ." त्यानं मोबाईल तिच्यापुढे धरला. खरंच हिरवी होती, चांगली टवटवीत.

तिनं चादरीतून हात बाहेर काढला. मनगट उघडं होतं. मग बोटानंच टेबलाकडे खूण केली. धनंजयनं खण उघडला. पट्टी आत पडली होती, सुईदोऱ्याच्या डबीशेजारी.

दोघंही त्या पट्टीकडे पाहत राहिले. मग धनंजयनं चित्र बोटांनी मोठं केलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: अंदाजित.

"हां, अंदाज आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात सुटका झाल्याचा भाव होता. "बरोबर आहे मग. आमच्याकडेही एखाद्याचं मीटर बंद पडलं की आम्ही सरासरीनं बिल काढतो. मागची रीडिंगं असतात ना."

सायली पदार्थविज्ञान शिकवत होती, डोकं अजून शाबूत होतं. सरासरी कशाची? पट्टी हातात असते त्या दिवसांची. आणि हातात कधी असते? बऱ्या दिवशी. वाईट दिवशी ती काढलेली असते, तो दिवस कोरा जातो, आणि तो कोरा दिवस बऱ्या दिवसांच्या रंगानं भरला जातो. तिचाच नव्हे. अभ्यासातल्या प्रत्येकाचा. त्या अभ्यासावर मान्यता उभी होती, दाखले उभे होते.

"धनंजय," ती म्हणाली, "ज्या दिवशी नळाला पाणीच येत नाही, त्या दिवशीचं रीडिंग तुमच्याकडे कोण घेतं?"

ते कळलं की नाही कोण जाणे, तो ताट ठेवून बाहेर गेला.

जरा बोलण्याइतकी झाल्यावर तिनं मॅडमना फोन केला. त्या स्वतः घरी आल्या. आणि काय सांगावं, सायली त्यांच्यासाठीही वेणी घालून खुर्चीत बसली! सासूबाईंनी चहा दिला. मॅडम कप हातात धरून नुसत्या बसून राहिल्या.

"कोरे दिवस तुम्ही भरलेत," सायली म्हणाली.

"मोजमापांत खाचा राहतातच. त्या भरायची मान्य पद्धत आहे. जगभर वापरतात."

"पट्टी सैल झाली, चार्जिंग संपलं, अशा खाचांसाठी ती ठीक आहे. आमचे दिवस कोरे का होते हे तुम्हाला माहीत होतं."



"होतं," मॅडम म्हणाल्या.

"तुम्हीच सांगितलं होतंत, काढून ठेवा म्हणून."

"तुम्हाला त्रास होत होता, सायली. कुठल्याही डॉक्टरनं तेच सांगितलं असतं."

"आणि कोरे दिवस भरताना कोण होतात तुम्ही?"

मॅडमनी कप खाली ठेवला. "निम्म्याहून जास्त दिवस कोरे असलेला अभ्यास कोणी दारातसुद्धा उभा करत नाही. पैसे देणारे निघून गेले असते. पट्टी आलीच नसती. तुम्ही सगळे परत त्या 'मन रमवा' म्हणणाऱ्यांच्या हाती गेला असतात. मला वाटलं, आधी आत तर शिरू. एकदा पट्टीला मान मिळाला की मग हळूहळू दुरुस्त करू."

"मग केलंत दुरुस्त?"

"अजून... नाही."

सायलीला संताप आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. पद्मजानं सोंग म्हटलं तेव्हा तिला एवढं लागलं नव्हतं, कारण पद्मजाकडून तिची अपेक्षाच नव्हती. इथं तिनं स्वतः माणसं गोळा करून आणली होती, त्यांना कळ काढायला लावली होती, पट्टी काढून ठेवा हा निरोपही तिनंच पोचवला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्या मॅडमनी पहिल्यांदा विश्वास ठेवला, त्यांनीच केसानं गळा कापला, आणि वर तो रुग्णांच्याच भल्यासाठी कापला.

"एक मार्ग आहे," मॅडम जमिनीकडे पाहत म्हणाल्या. "एका जरी रुग्णाचं कोसळणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत पट्टीत नोंदलं गेलं, तर मी ते मान्यता देणाऱ्या समितीपुढे ठेवते. सगळा हिशेब नव्यानं मांडायला लावते. शब्द देते. पण पट्टी मध्ये काढून चालणार नाही. आणि तुम्ही घाला असं मी म्हणणार नाही. अशा अवस्थेत ते आवळणं सोसलं, तर तुम्ही आहात त्याहून खाली जाल. कदाचित कायमच्या."

"म्हणजे ते मीच म्हणायचं," सायली म्हणाली.



सायलीनं ते केलं. समितीसाठी केलं असं तिनं मॅडमना सांगितलं. खरं म्हणजे धनंजयसाठी केलं. समितीनं मानलं नसतं तरी ती जगली असती. पण रोज संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसानं आपल्याऐवजी मोबाईलकडे पाहावं, हे तिच्यानं आयुष्यभर सोसवलं नसतं. त्याचा पट्टीवर एवढा विश्वास आहे ना, मग पट्टीच त्याला सांगू दे.

"या वेळी मी पट्टी काढणार नाही," ती त्याला म्हणाली. "काही झालं तरी. तू फक्त जवळ बसून बघ. बघशील?"

"बघतो," तो म्हणाला. त्यानं खरोखर रजा टाकली. काटा बघायचा म्हटल्यावर त्याला जोर आला होता.

कोसळायचंच तर निदान आवडीच्या कामानं कोसळावं असं तिनं ठरवलं. कॉलेजात गेली आणि किती वर्षांनी तरी वर्गात उभी राहून शिकवलं. हातात खडू घेऊन, फळ्यावर बॅटरी आणि तिचा आतला रोध काढून. अंथरुणातून ती अधूनमधून मोबाईलवर धडे पाठवायची, तेवढ्या आवाजानंच पोरांना या बाई माहीत होत्या. पोरं गप्प बसून ऐकत होती. तास संपल्यावर ती भिंत धरून बाहेर आली तेव्हा अगदी सुखात होती. पट्टी हिरवी होती.

दुसऱ्या दिवशी सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ती तळाला गेली. पडदे ओढलेले होते. सासूबाईंनी स्वयंपाकघरातल्या भांड्यांखाली फडकी घातली होती. धनंजय पलंगाशेजारी स्टुलावर बसला होता. पट्टी ठरल्या वेळी मनगट आवळायची, आणि दरवेळी सायलीच्या घशातून एक बारीक आवाज निघायचा. ओरडायलाही शक्ती लागते.

मोबाईलवर पिवळं आलं. मग लाल. लाल रंगही आखडत आखडत खाली गेला, अगदी शेवटच्या रेघेपर्यंत, आणि त्या रेघेच्याही खाली उतरला. धनंजय उठून उभा राहिला. इतक्या वर्षांत त्यानं हे असं, आकड्यांच्या घरात उतरलेलं, कधी पाहिलं नव्हतं.

"सायली," तो कुजबुजला.  "हे... हे असं असतं? दरवेळी असं असतं?"

तिला ऐकू आलं. डोळे उघडता आले नाहीत, पण मिटल्या पापण्यांतून पाणी कानशिलावर उतरलं. असंच असतं. कळलं ना? मग आता काढ ती. तिला एवढंच सांगायचं होतं.

मोबाईल वाजला.

धनंजयनं वाचलं, आणि तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं वाचलं. "मोजमाप शक्यतेच्या मर्यादेबाहेर आहे. पट्टी सैल झाली असावी. चुकीच्या नोंदी वगळून अंदाज भरला आहे."

काय शक्य आणि काय अशक्य हे पट्टीला अभ्यासातल्या नोंदींवरून शिकवलं होतं, आणि तेव्हा तिला असा एकही दिवस दाखवलेला नव्हता. असे सगळे दिवस हिरवे करून दाखवले होते. मग असा दिवस तिनं ओळखावा कसा? रेघेखालचं लाल पुसलं गेलं, पिवळंही गेलं, आणि चित्र खालपासून वरपर्यंत हिरवं झालं.

धनंजयनं सोडलेला श्वास तिला ऐकू आला. तो परत स्टुलावर बसला.

"बाप रे, घाबरलोच मी," तो म्हणाला. "सैल झाली होती गं नुसती."

तिला नाही म्हणायचं होतं. ओठ हलले नाहीत. त्यानं वाकून तिचा हात मांडीवर घेतला, आणि तिला दुखू नये म्हणून अगदी हळुवारपणे, पट्टी आणखी एका भोकानं आवळली.